सुनावणीत वाचलेलं पत्र

फेअरमाउंट, अमेरिका
१४ जानेवारी २०२५

चि. निकिता,

तुला आणि आक्काला संक्रांतीचा तिळगूळ या पाकिटातच आहे असं समज.

फोनवर तू म्हणालीस, "मामा, कामाचं फोनवर नको, मोबाईलमधी कंपनीचं अ‍ॅप हाय," म्हणून वीस वर्षांनी मराठी लिहायला बसलोय. अक्षर लागत नसेल तर आक्काकडून वाचून घे. लहानपणी माझा गृहपाठ तीच करायची.

मामीच्या पाठीचं तुला माहीत आहे. मणक्यात नस दाबली गेलीय, ऑपरेशन करावं लागेल असं सर्जन म्हणतो. पण इथं सर्जनच्या म्हणण्यावर काही होत नाही, आधी विमा कंपनीची मंजुरी लागते. त्यांनी नकार कळवलाय. कारण काय, तर आधी सहा आठवडे व्यायाम करून बघा. महानंदाला पलंगावरून उठवायला मी लागतो आणि हे तिला व्यायाम सांगतात! नकाराच्या पत्राची प्रत जोडली आहे. तू हेच काम करतेस ना? मग सांग, या लोकांना नेमकं काय हवं असतं?

इथं सगळीकडे याच वादाचा धुरळा उडालाय. एक पक्ष म्हणतो सरकारनं सगळ्यांना विमा द्यावा, दुसरा म्हणतो सरकारनं यात नाक खुपसू नये, आणि आमच्यासारखे लोक हप्ते भरून नकाराची पत्रं गोळा करतात. आमच्या राज्यात एक विधेयक येतंय. उपचार नाकारायचा तर त्याच विषयाच्या डॉक्टरनं फाइल स्वतः वाचून सही करावी, एवढीच मागणी आहे. त्यासाठी लढणाऱ्या गटात मी गेलोय. पहिल्याच बैठकीत मी आपल्या खंडोबाची गोष्ट सांगितली. देव पावणेदोन महिने नळदुर्गाला आणि बाकी वर्षभर अणदूरला, आणि देव नेताना-आणताना दोन्ही गावांत लेखी करार होतो, हे ऐकून गोरे लोक खूश झाले.

आक्काला नमस्कार. इंजेक्शनं वेळेवर चालू आहेत ना?

तुझा,
शांतलिंग मामा

*

अणदूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. मामांना निकिताचा नमस्कार,

पोस्टमननं "अमेरिकेचं हाय, सही करा" म्हणून पाकीट आईच्या हातात दिलं, तेव्हापासून अर्ध्या गल्लीला वाटतंय की माझं लग्न ठरलं.

आधी एक सांगते. मी कुणाला नाकारत नाही. माझ्यासमोर फाइल येते, तिच्यात डॉक्टरची टिपणं असतात आणि बाजूला प्रश्नांची यादी. उत्तर सापडलं की खूण करायची, नाही सापडलं की 'आढळले नाही' लिहायचं. ठरावीक प्रश्न कोरे राहिले की फाइल तिकडच्या डॉक्टरकडे जाते आणि नकारावर सही त्याची होते. सकाळी सहा ते दुपारी तीन, नव्वद फाइली. पुण्याची कंपनी, अमेरिकेचे रोगी आणि मी बी.फार्म. होऊन आमच्या माळवदाखाली बसलेली.

मामीच्या विम्याचं काम आमच्याकडं नाही, पण याद्या सगळ्यांच्या थोड्याफार सारख्याच. मामीच्या टिपणात दोन गोष्टी नाहीत. पायातलं बळ कमी होतंय का, आणि लघवीवरचा ताबा सुटतो का. या दोन्हीचं उत्तर 'होय' असेल तर व्यायामाचं कुणी बोलणार नाही. पण मामा, हे तुम्ही विचारू नका. दवाखान्यात मामीचं म्हणणं इंग्रजीत तुम्हीच सांगता ना? मग मामी जीव देईल, पण तुमच्या देखत परक्या पुरुषाला लघवीचं सांगणार नाही. तुम्ही बाहेर बसा, नर्सला आत पाठवा आणि फोनवर आईला जोडून द्या. आई बरोबर काढून घेईल. खरं असेल तरच लिहायला सांगा.

आता माझं ऐका. तुम्हाला माहीत आहे तरी पुन्हा लिहिते. आईच्या छातीतली गाठ काढली, केमो झाली, आता दर एकवीस दिवसांनी सोलापूरला इंजेक्शन असतं. अठरापैकी सात झाली. हे सगळं माझ्या कंपनीच्या विम्यावर चाललंय. बाबा गेल्यावर घरात कमावणारी मी एकटी, आणि नोकरी आहे तोवरच विमा. गाठ निघालेल्या बाईला बाहेरची कुठलीही कंपनी आता दारात उभं करणार नाही. कामातलं अक्षर बाहेर काढणार नाही अशी सही मी दिलेली आहे. म्हणून हे पत्र वाचलं की चुलीत घाला. तुमच्याकडं चूल नसेल, फाडून टाका.

तुमची,
निकिता

*

फेअरमाउंट
२ मार्च २०२५

चि. निकू,

पोरी, तू देवासारखी धावलीस. तू म्हणालीस तसंच निघालं. आक्कानं फोनवर पाच मिनिटांत जे काढून घेतलं ते मला सहा महिन्यांत कळलं नव्हतं. महानंदा दोन महिने टॉवेल घेऊन झोपत होती आणि मी शेजारी घोरत होतो. डॉक्टरनं सगळं नव्यानं लिहून कागद पुन्हा पाठवलेत. आता उत्तराची वाट बघायची.

माझ्या समजुतीसाठी थोडं आणखी विचारतो. तिकडचा डॉक्टर सही करायला किती वेळ घेतो? तो फाइल वाचतो का? तुम्हाला वाचायला किती वेळ देतात? इथं विमा कंपन्यांची माणसं टीव्हीवर शपथेवर सांगतात की प्रत्येक फाइल डॉक्टर बारकाईनं तपासतो. मला ते पटत नाही. तू मला काही लपवू नकोस. लहान असताना दप्तरातले कमी मार्कांचे पेपर तू आईला दाखवण्याआधी मला दाखवायचीस, आठवतं ना?

तुझा,
मामा

*

अणदूर
२४ मार्च २०२५

मामा,

कमी मार्कांचे पेपर तुम्हाला दाखवायचे, कारण तुम्ही आईची सही मारून द्यायचात. तेवढा विश्वास आहे म्हणून लिहिते.

मी 'पाठवा'चं बटण दाबते आणि तिकडची सही येते, यात किती वेळ जातो ते आम्हाला पडद्यावर दिसतं. मी एकदा महिनाभर टिपून ठेवलं. सरासरी अकरा सेकंद. अकरा सेकंदांत माणूस फाइलवरचं नाव वाचतो, फार तर वय.

आम्हाला सहा मिनिटं मिळतात. फाइल कधी चाळीस पानांची असते, फॅक्सची, तिरकी, काळपट. म्हणून आमच्या टीम लीडरनं नियम घालून दिलाय की पहिली चार पानं बघायची. चार पानांत सापडलं तर सापडलं. मागच्या वर्षी एकाहत्तर वर्षांच्या बाईची फाइल आली होती, चाकाच्या खुर्चीसाठी. चार पानांत काही नव्हतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी पुढं गेले. सहाव्या पानावर डॉक्टरनं हातानं लिहिलं होतं की ही बाई संडासपर्यंत रांगत जाते. मी खूण केली, तिला खुर्ची मिळाली असेल. मग त्या दिवशी पुढच्या फाइलीही मी चार पानांपलीकडं वाचत गेले, चौदा फाइली कमी पडल्या आणि सगळ्यांसमोर बोलणी बसली. मामा, त्यानंतर मी सहावं पान उघडलेलं नाही. वर्ष झालं. दिवसाला नव्वद धरून तुम्हीच बघा किती सहावी पानं झाली.

आम्ही एकशे चाळीस पोरी आहोत. लातूर, कळंब, उमरगा, बार्शी. कंपनीला गावातल्या पोरी आवडतात, आम्ही सोडून जात नाही. सोडून कुठं जाणार? जिच्या घरी आजारी माणूस आहे ती तर आजिबात जात नाही, आणि अशा लई जणी आहेत.

मला वाटत होतं, हे कुणालातरी सांगितल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मामीचं काय झालं ते कळवलं नाहीत. फोनवरही तुम्ही "चाललंय" एवढंच म्हणता. आईची नऊ इंजेक्शनं झाली, दहावं गुरुवारी आहे.

हे तुमच्या समजुतीसाठी आहे. फाडून टाका.

निकिता

*

फेअरमाउंट
२० मे २०२५

चि. निकू,

बातमी अशी आहे की बसून वाच. आठ तारखेला आमच्या विधेयकावर राज्याच्या समितीपुढं सुनावणी झाली. मी साक्ष दिली. तीन मिनिटं मिळतात, मला सात मिनिटं बोलू दिलं! विमा कंपनीचा वकील समोर बसला होता. मी तुझं पत्र खिशातून काढलं आणि इंग्रजी करून वाचलं. अकरा सेकंद म्हटल्यावर दोन-तीन आमदारांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. सहाव्या पानाची बाई वाचली तेव्हा मागच्या रांगेत रडण्याचा आवाज आला. निकू, तुझ्या शब्दांनी अमेरिकेची माणसं रडली.

घाबरू नकोस. तुझं नाव घेतलं नाही, कंपनीचं घेतलं नाही, 'भारतातल्या एका खेड्यातली माझी भाची' एवढंच म्हटलं. सुरुवातीला जरा वातावरण मोकळं करावं म्हणून आपल्या देवाची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझ्या भाचीच्या गावात देवसुद्धा लेखी करार करूनच मुक्काम बदलतो, आणि दोन्ही गावं तो करार पाळतात. आमची विमा कंपनी मात्र पाळत नाही. काय हशा पिकला! अध्यक्षबाईंनीसुद्धा हसून मान डोलावली. विरोधी पक्षाच्या एका आमदारानं तर फारच रस दाखवला. "म्हणजे आमच्या नागरिकांचे आजार त्या खेड्यात वाचले जातात? हे नेमकं कुठं आलं?" असं त्यानं विचारलं. मी मोबाईलवर नकाशा काढून दाखवला.

वर्तमानपत्राचं कात्रण सोबत आहे. फोटोत डावीकडून तिसरा मी. आक्काला दाखव.

तुझा अभिमान वाटणारा,
मामा

*

अणदूर
११ जून २०२५

मामा,

तुमचं पत्र नऊ जूनला मिळालं. त्यातलं सगळं मला तेरा दिवस आधीच कळलं होतं.

सत्तावीस मेला पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. एक बाई, आवाज इतका गोड की मला वाटलं बढतीचं काहीतरी आहे. तिनं विचारलं, "निकिता, तुमच्या गावात खंडोबाचं देऊळ आहे का? देव दोन गावांत राहतो तो?" मला बरं वाटलं. मी म्हटलं, हो मॅडम, आमच्याकडंच. एकदा दर्शनाला या, मुक्काम आमच्या घरी करा. ती हसली आणि तिनं तुमचा व्हिडिओ लावला. देवाचं ऐकताना तुमच्या सुनावणीतली माणसं हसतायत, आणि तुम्ही मध्ये उभे राहून हात हलवताय. माझ्या पत्राचा कागद दिसत होता. वहीचा आहे, उभी लाल रेघ असलेला.

अणदूरची कंपनीत मी एकटीच आहे, मामा. नाव कशाला हवं होतं त्यांना? तुम्ही माझं नाव झाकलंत आणि देवाला पत्ता सांगायला उभं केलंत. त्या गोष्टीवाचून तुमची साक्ष अडली होती का? हशा पाहिजे होता म्हणून सांगितलीत.

कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद पडला. विमा त्याच तारखेला संपला. दोन दिवसांनी आईचं इंजेक्शन होतं. बारा झाली होती, सहा राहिली. दवाखान्याच्या खिडकीवरच्या पोरीनं तीनदा नंबर टाकून बघितला आणि म्हणाली, "ताई, पॉलिसी दिसंना." आईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, फुडच्या येळंला घिऊ." तिला वाटलं मशीनच बिघडलंय. मी बाहेर येऊन तिला सांगितलं. तुमचं नाव तिला सांगितलेलं नाही. कंपनीनं माणसं कमी केली असं सांगितलंय. कात्रण मात्र तिनं बघितलं आणि फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "शांतू बारीक झालाय."

मी सांगितलं होतं. दोन पत्रांत, दोनदा, फाडून टाका म्हणून सांगितलं होतं.

निकिता

*

फेअरमाउंट
३ जुलै २०२५

चि. निकिता,

पत्र वाचून दोन दिवस घास गेला नाही. माझ्या हातून असं व्हावं! मी मुद्दाम केलं नाही, हे तुला सांगावं लागावं याचंच वाईट वाटतं. एका इंजेक्शनापुरते पैसे आज पाठवलेत. मामीच्या दुखण्यात विमा असूनही आमच्या खिशातून इतकं गेलंय की सध्या हात आखडलाय.

पण रागावू नकोस, एक विचारतो. त्या सहाव्या पानाच्या बाईचं काय? तिच्यासारख्या ज्यांचं पान कुणी उघडलं नाही त्यांचं काय? तूच लिहिलंस की तुला सहन होत नव्हतं. ते काम पापाचं होतं, निकू. त्यातून तू सुटलीस. आज जखम ताजी आहे म्हणून तुला पटणार नाही, पण विधेयक पुढं सरकलंय. तुझ्या पत्राचा त्यात मोठा वाटा आहे असं इथं सगळे म्हणतात. कायदा झाला तर लाखो माणसांना उपचार मिळतील. आपल्या घराला त्याची थोडी झळ बसली, एवढं आपण सोसायला हवं.

सरकारी योजनेतून आक्काचं होतं का बघ. तुझ्यासारख्या हुशार मुलीला दुसरी नोकरी लगेच मिळेल.

तुझा,
मामा

*

फेअरमाउंट
९ ऑगस्ट २०२५

चि. निकिताला मामीचा आशीर्वाद,

मी कधी पत्र लिहीत नाही. उमरग्याच्या शाळेत सातवी केली, त्यावर चाललंय, चुकलं तर हसू नको. हे तुज्या मामाला न सांगता लिहितेय. शेजारच्या बाईनं पोष्टात टाकते म्हनून सांगितलंय.

तुजी नोकरी गेली ते मला काल कळलं. भिंतीपलीकडून ऐकलं. जगदाक्काचं इंजेक्शन थांबलं हे पन कालच कळलं. बाई, मला लई वाईट वाटलं. म्या बरी झाले ती तुज्यामुळं. मंजुरी बारा मार्चला आली, पंचवीसला ऑपरेशन झालं. आता म्या चालते, जिना चढते, लघवीचा तरास न्हाय. यांना म्हनलं, निकिताला सांगितलं का, तर म्हनले व्हय, सांगितलं, तिला आनंद झाला. काल कळलं की सांगितलंच न्हाय. का म्हनून विचारलं तर म्हनले, तेव्हाच सांगितलं असतं तर तिनं पुढचं पत्र लिहिलं नसतं आनि ते पत्र लई गरजेचं होतं.

फोन आला की मला झोपलीय म्हनून सांगतात. म्या जागीच असते.

आता हे शहराच्या कौन्सिलला उभे ऱ्हायलेत. दारात पाट्या लावल्यात, त्येंच्या फोटोच्या. म्या काय करू ते मला सांग.

तुजी,
मामी

*

अणदूर
२ सप्टेंबर २०२५

मामा,

मामी बरी झाली हे कळलं. कुणाकडून कळलं ते विचारू नका आणि तिला बोलू नका. मंजुरी बारा मार्चची. माझं दुसरं पत्र चोवीस मार्चचं. म्हणजे ज्या कामासाठी मी जीव मुठीत धरून लिहिलं ते काम आधीच झालं होतं, आणि तुम्ही मला फोनवर "चाललंय" म्हणत होता. ते पत्र मामीसाठी नव्हतंच. भाषणासाठी होतं.

माझ्या हातून पाप झालं, ते मी मान्य करते आणि ते मला तुम्हीच शिकवायला हवं असं नाही. पण माझ्या पापाचं प्रायश्चित्त आईनं का घ्यायचं? 'आपल्या घराला झळ' असं तुम्ही लिहिलंत. तुमच्या घरात तर मामी जिना चढायला लागली. झळ कुठल्या घराला बसली ते नीट लिहीत चला.

योजनेचं विचारलंत. आधीचा दवाखाना योजनेत नाही. जो आहे तिथं सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, मग रेशनकार्डावर आईचं नाव जगदेवी आणि आधारवर जगदेवीबाई, त्याचं प्रतिज्ञापत्र, मग मंजुरी. तुमच्या पैशांचं एक इंजेक्शन मध्ये झालं, त्याच्या आधी आणि नंतर खंडच आहे. मंजुरी मागच्या आठवड्यात आली. डॉक्टर म्हणाले, आता आधी स्कॅन करू. स्कॅनमध्ये काळजावर, म्हणजे यकृतावर, डाग आहेत. पुन्हा केमो सुरू होईल. मी विचारलं, खंड पडला नसता तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही, बाळ." खरंच सांगता येत नाही. म्हणून मी ते तुमच्या माथी मारू शकत नाही, आणि मारल्याशिवाय मला राहवतही नाही.

नोकरी तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळाली. विमा नाही.

निकिता

*

फेअरमाउंट
३० ऑक्टोबर २०२५

चि. निकिता,

तुझ्या पत्राचं उत्तर काय द्यावं ते सुचेना म्हणून इतके दिवस गेले. मंजुरीचं तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं. पण त्या वेळी मला समोर फक्त सुनावणी दिसत होती. माणसानं आयुष्यभर गप्प बसून नोकरी केलेली असते, आणि एकदम कुणीतरी त्याचं ऐकायला लागतं. तुला हे समजेल का, माहीत नाही.

कायदा झाला. आम्हाला हवा तसा झाला नाही हे कबूल करतो. त्याच विषयाच्या डॉक्टरनं फाइल वाचावी, हे कलम विमा कंपन्यांनी काढायला लावलं. डॉक्टरच्या सहीचं कलम अभ्यास समितीकडं गेलंय, दोन वर्षांसाठी. जे राहिलं ते असं, की इथल्या रोग्याची फाइल देशाबाहेर उघडता येणार नाही. त्यावर मात्र दोन्ही पक्षांनी एकत्र हात वर केले, असं इथं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. त्या नकाशा बघणाऱ्या आमदारानं माझ्या साक्षीचा मानानं उल्लेख केला. सहीच्या वेळी मला राज्यपालांच्या मागं उभं केलं. टाळी वाजवताना मला तुझी आठवण आली, खरं सांगतो. पण सुरुवात कुठूनतरी होतेच.

आता तर लढाई वॉशिंग्टनला गेलीय. विम्याच्या मदतीवरून दोन्ही पक्ष असे भांडतायत की देशाचं सरकारी कामकाज महिनाभर बंद पडलंय. आमचा गट तिथं निदर्शनं करणार आहे. मला एक फलक करायचा आहे. विमा नोकरीला बांधला आणि नोकरी गेली तर माणसाचं काय होतं, याचं आक्काइतकं उत्तम उदाहरण मला दुसरं दिसत नाही. तिचा एक फोटो पाठव. दवाखान्यातला, सलाईन लावलेला. चेहरा नीट दिसायला हवा, चेहरा दिसला की लोक थांबतात. नाव घालणार नाही. आक्काचं दुःख वाया जायला नको, असं मला मनापासून वाटतं.

तुझा,
मामा

*

अणदूर
२४ नोव्हेंबर २०२५

मामा,

तुमचं पत्र या वेळी आईच्या हातात पडलं. मी दुकानात होते. तिनं फोडलं, वाचलं आणि मग तुमची आधीची पत्रंही शोधून काढून वाचली. तुमचं अक्षर तिला अजून चांगलं लागतं. म्हणजे सुनावणी, मंजुरी, माझी नोकरी कशी गेली, ते सगळं तिला एकदमच कळलं. मी आल्यावर तिनं सगळी पत्रं माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "तू बी मला सांगितलं न्हायस." एवढंच. तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

आमच्याकडं सगळ्या फाइली तुमच्याच राज्यातल्या यायच्या, त्यामुळं कायद्यानंतर आमच्या एकशे चाळीस पोरींतल्या एकशे एकोणचाळीस घरी बसल्या. मी तर आधीच बसले होते. कळंबच्या एकीनं मला फोन करून अर्धा तास शिव्या दिल्या. तिच्या बापाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. मी फोन ठेवला नाही, सगळं ऐकून घेतलं. त्या फाइली आता मशीन वाचतं असं ती सांगत होती. तुमचे रोगी पूर्वीसारखेच नाकारले जात असतील, फक्त आता आमच्या हातून नाही.

फोटोचं सांगते. दुसऱ्या दिवशी केमोला जायचं होतं. आईनं पहाटेच उठून इरकल नेसली. दवाखान्यात ती कधी चांगलं लुगडं नेसत नाही, सलाईनचे डाग पडतात म्हणून. पलंगावर बसल्यावर मला म्हणाली, "काढ फोटू." मी म्हटलं, आई, गरज नाही. तर माझ्यावरच डाफरली. "त्येनं मागितलाय नव्हं? त्येच्या कामाला यायचा हाय." मग तिनं विचारलं, "डुई झाकू का उघडी ठिवू? त्येला कसा लागतो?" तिनं स्वतःच रुमाल सोडला. डोक्यावर केस राहिलेले नाहीत, वजन बेचाळीस किलो. सुई लावलेला हात तिनं नीट मांडीवर ठेवला, दिसावा म्हणून. आणि म्हणाली, "हसू का न्हाय?"

मी फोटो काढला. तिच्या समाधानासाठी दोन काढले. एकात ती हसली आहे.

ते तुम्हाला मिळणार नाहीत. मागू नका, मामीकरवीही मागू नका. तुम्ही मामीसाठी मागितलं, समजुतीसाठी मागितलं, कायद्यासाठी मागितलं, ते सगळं दिलं. हे देणार नाही.

पण आई रोज विचारते, शांतूनं बघितला का, काय म्हणाला? मी सांगते, मोठा करून लावलाय, मोठ्या शहरात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की आता फार तर दोन-तीन महिने. ते तिला ठाऊक नाही, किंवा असेल. येत्या रविवारी ती तुम्हाला फोन करणार आहे. तेव्हा फोटो मिळाला म्हणा. लोक थांबून बघत होते म्हणा. एक बाई रडली म्हणा. तुम्हाला बोलता चांगलं येतं.

निकिता